आधी फूल बघा, मग बी धरा

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले होते, "संकरित वाणाचं बी धरण्यात अर्थ नाही." त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर बियाण्याला देऊन टाकलं. काहींनी कौतुक केलं, बऱ्याच जणांनी कान धरले, आणि एका वाचकांनी 'मा. महोदय' अशी सुरुवात करून मला कंपनीचा माणूस ठरवलं. महोदय मी नाही, आणि कंपनीतून निवृत्त होऊनही काळ लोटला. पण बियाण्याच्या प्लॉटवर सव्वीस वर्षं काढली आहेत हे खरं. सुरुवात हातात चिमटा धरून केली, शेवटी हातात वही आली. ती ओळ मात्र आळसाने लिहिली होती, हे कबूल. अर्थ कधी असतो, कधी नसतो, आणि ते पिकाच्या फुलावर ठरतं. पत्रं निवडून घेतली आहेत, थोडी छाटलीही आहेत.

प्रश्न: ताई, मागच्या वर्षी संकरित टोमॅटोची चार-पाच देखणी फळं बियाण्यासाठी ठेवली. बी झाडून सगळं उगवलं. बावीस झाडं लावली. आता फळं लागलीत तर कुठे लांबट, कुठे चपटी, कुठे तडकलेली. दोन झाडांना तर सुपारीएवढीच. पाकिटात भेसळ होती का?

उत्तर: नाही. पाकीट चोख होतं, म्हणूनच तर हे असं झालंय.

पाकिटातलं बी कसं तयार होतं ते ऐका. दुपार कलली की आम्ही मादी वाणाच्या ओळीत शिरायचो. उद्या उमलेल अशी कळी हेरायची: पाकळ्या हिरव्याच्या फिक्या पिवळ्या होऊ लागलेल्या, पण तोंड अजून मिटलेलं. चिमट्याच्या टोकाने पाकळ्या जराशा बाजूला सारायच्या आणि आतली पुंकेसरांची पिवळी टोपी अख्खीच्या अख्खी उपसून काढायची. मधे उभा राहतो तो हिरवट स्त्रीकेसर, दोऱ्याएवढा. त्याला चिमटा लागला की कळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलांचे पराग डबीत घेऊन त्या टोकाला लावायचे, आणि लगेच देठाजवळच्या हिरव्या पाच दलांपैकी दोन कापून टाकायची. ती कापलेली दलं म्हणजे आमची सही. फळ पिकून लाल झालं तरी देठापाशी दोन दलं कमी दिसली की ते संकराचं. पाचही शाबूत असतील तर ते आपसूक धरलेलं, त्याला बियाण्याच्या टोपलीत जागा नाही. त्या दिवसांत माझी बोटं कायम हिरवी-काळी असायची, साबणाने निघत नसे. असो.

तर हे नर आणि मादी, दोघंही पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवून एकसारखे केलेले असतात. म्हणून त्यांचं पहिलं लेकरू, म्हणजे तुमच्या पाकिटातलं बी, प्रत्येक जागी आईचं एक आणि बापाचं एक असं घेऊन येतं आणि सगळी झाडं एका साच्यातली निघतात. वर जोम मिळतो तो वेगळा. दूरच्या झाडाच्या परागाने झालेली रोपं जोमदार होतात हे डार्विनने १८७६ साली पुस्तकभर दाखवलं होतं. मक्याच्या अशा शुद्ध केलेल्या ओळी एकमेकींशी जुळवल्या की गेलेला जोम परत येतो, हे जॉर्ज शल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडलं. आजचा संकरित बियाण्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

तुम्ही फळातून काढलंत ते बी मात्र त्या जोडीचं नातवंड. लेकराच्या फुलात आजीचे आणि आजोबांचे गुण नव्याने पिसले जातात. आजी-आजोबांत फरक एकाच जागी असेल, तर नातवंडाला पुन्हा तीच मिश्र जोडी मिळण्याची शक्यता निम्मी. फरक दहा जागी असेल, तर दहाही जागी हुबेहूब तशीच जोडी येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. आणि टोमॅटोच्या दोन वाणांत फरक दहाच जागी असतो असं कोण म्हणालं? तुम्ही लावलीत बावीस. मेंडेलने वाटाण्याची झाडं आठ वर्षं मोजून १८६६ मध्ये हेच छापलं होतं. त्याच्याकडे निदान झाडं हजारोंनी होती.

पण उपटून टाकू नका. बावीसमधली दोन-तीन झाडं तुमच्या मनासारखी असतीलच. त्यांना आत्ताच दोरा बांधा आणि प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत ठेवा. टोमॅटो आपल्याच परागावर धरतो, त्यामुळे दर पिढीला उरलेली सरमिसळ निम्मी होते: पहिल्या नातवंडांत ५० टक्के, मग २५, मग साडेबारा. दर वर्षी निवडत गेलात तर सहाव्या-सातव्या पिढीला तुमचा स्वतःचा सरळ वाण हातात येईल. मूळ पाकिटासारखा तो नसेल, कदाचित तुम्हाला त्याहून बरा वाटेल. सात हंगामांचा धीर नसेल तर पाकीट आणा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि बी धुऊन लगेच वाळवत असाल तर ती सवय सोडा. गर बियांसकट एका वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या. बीवरचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, ते सुटतं. मग पाणी घातलं की भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं. वाळवायला ताटली घ्या. कागदावर चिकटलं की निघत नाही.

प्रश्न: पाकिटातलं बी कंपन्या मुद्दाम वांझ करतात, असं सगळेच म्हणतात. खरं काय?

उत्तर: वरच्या वाचकांचं झाडून सगळं उगवलं, हे अर्धं उत्तर झालं.

उरलेलं अर्धं असं. दुसऱ्या पिढीचं बी उगवूच नये अशा तंत्राचं पेटंट अमेरिकेच्या कृषी खात्याने एका बियाणे कंपनीच्या जोडीने मार्च १९९८ मध्ये घेतलं होतं. त्यावर जगभर गदारोळ झाला. जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी २००० साली ते तंत्र शेतात येऊ न देण्याची शिफारस केली. तसं बी बाजारात कधी आलंच नाही. 'टर्मिनेटर' हे त्याचं नाव तेवढं सगळ्यांच्या तोंडात राहिलं.

पण या समजुतीमागे एक खरी गोष्टही आहे. कांद्याचं फूल मोहरीहून फार मोठं नसतं. तिथे चिमटा घेऊन बसलं तर जन्म जाईल. म्हणून मादी ओळ अशी निवडतात की तिच्या फुलात पराग तयारच होत नाही. त्याला आम्ही नरवांझ म्हणतो. हा गुण आईकडून लेकराकडे जातो. कांदा, गाजर, कोबी यांत आपल्याला दाणा नको असतो, त्यामुळे पाकिटातलं लेकरू नरवांझ राहिलं तरी कुणाचं बिघडत नाही. असा संकरित कांदा तुम्ही बियाण्यासाठी लावलात तर गोंडे भरगच्च येतील, मधमाश्या येतील, आणि आसपास दुसऱ्या कांद्याचा पराग नसेल तर बी धरणार नाही. ज्वारीत दाणा हवा असतो, म्हणून तिथे बाप असा घेतात की तो पराग परत आणतो. मात्र तिच्या नातवंडांत काही कणसं पुन्हा बिनपरागाची निघतात. हे ज्याने पाहिलं त्याने 'वांझ बी' म्हटलं तर मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. तो निम्मा बरोबर आहे.

प्रश्न: हायब्रीड, जीएम आणि सुधारित वाण हे एकच ना?

उत्तर: नाही. सुधारित किंवा सरळ वाण म्हणजे निवडून स्थिर केलेला. त्याचं बी त्याच्यासारखंच निघतं. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचं पहिलं लेकरू. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घातलेलं, मग ते सरळ वाणात असो नाहीतर संकरितात. बीटी कपाशीचं बहुतेक बी हायब्रीडही असतं आणि जीएमही, म्हणून हा गोंधळ. अशा कपाशीत बीटी जनुक एकाच पालकाकडून आलं असेल, तर धरलेल्या बियाण्याच्या साधारण पाव झाडांत ते नसतंच. बोंडअळीला ती पाव झाडं बरोबर सापडतात.

प्रश्न: घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवतो. दाणा दिसायला टपोरा असतो, पण दर दोन-तीन वर्षांनी उगवण दगा देते. सोयाबीनही हायब्रीड झालंय का?

उत्तर: नाही हो. सोयाबीनचं फूल उमलायच्या आधीच आपल्या परागावर धरून मोकळं होतं, आणि बाजारातलं सोयाबीनही सरळ वाणांचंच असतं. घरचं बी धरायला याच्याइतकं सोपं पीक नाही. पण त्याच्याइतकं नाजूकही नाही. दाण्याचं टरफल कागदासारखं पातळ आणि कोंब अगदी त्याखालीच. ज्वारीचं पोतं आपटलं तर काही होत नाही; सोयाबीनचं पोतं खांद्यावरून टाकलंत की आतले कोंब मेले, आणि बाहेरून दाणा तसाच टपोरा. तुमचा दगा बहुधा तिथे आहे.

बियाण्याचा भाग मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवा. मळणीवाला कुरकुर करेल, करू दे. दाणे फार कोरडे होईपर्यंत थांबलात तर ते फुटतात, ओले मळलेत तर चेपतात. ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास असताना मळा आणि मग सावकाश वाळवा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, आणि एकावर एक पाचापेक्षा जास्त नकोत. खालच्या पोत्यांवर भार पडतो हे थप्पी लावणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो वर बघत असतो.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी गोणपाटाची चाचणी केल्याशिवाय शेतात जाऊ नका. पोत्याच्या वरून, मधून, तळातून असे मूठ-मूठ दाणे घ्या आणि त्यातले शंभर न निवडता मोजा. इथेच लोक चूक करतात. चांगले चांगले दाणे निवडतात आणि मग नव्वद टक्के उगवण आली म्हणून खूश होतात. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल राखा. सहा-सात दिवसांनी उघडून धड कोंब आणि धड मूळ दोन्ही असलेले तेवढेच मोजा. सत्तर किंवा वर निघाले तर निर्धास्त पेरा. साठ निघाले तर जिथे दहा किलो पेरत होता तिथे पावणेबारा किलो लागेल. पन्नासच्या खाली गेलं तर ते बियाणं राहिलं नाही, धान्य म्हणून विका.

घाईत असाल तर शंभर दाणे पाण्यात पाच-सात मिनिटं टाकून बघा. ज्यांचं टरफल फुटलंय ते लगेच फुगतात आणि सुरकुततात. मळणी सुरू असतानाच हे केलंत तर फेरे कमी करायला वेळ मिळतो.

तरी दोन-तीन वर्षांनी नवं प्रमाणित बियाणं आणावंच. मळणी यंत्रातून, पोत्यांतून दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळत राहतात. तो फुलाचा दोष नाही, आपला आहे.

प्रश्न: ढोबळी मिरचीचा सरळ वाण होता, शेजारी तिखट मिरची. ढोबळी खाल्ली तेव्हा गोडच होती. तिचं बी लावलं तर बारापैकी चार झाडांच्या मिरच्या जाळ! हे कसं?

उत्तर: फळाचं अंग आईचं, आतलं बी दोघांचं. ढोबळीच्या फुलावर माशीने तिखट मिरचीचा पराग आणून टाकला तरी त्या वर्षीचं फळ गोडच राहणार, कारण गर आईचा. बीच्या आत मात्र बाप जाऊन बसलेला. तिखटपणा मुख्यतः एका जनुकावर ठरतो आणि तो गोडपणावर मात करतो. म्हणून पुढच्या वर्षी ती झाडं तिखट.

मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर धरतं, पण माश्यांनाही नाही म्हणत नाही. टोमॅटोवर विसंबता तसं तिच्यावर विसंबू नका. वांगी, भेंडी, तूर यांचंही तसंच. दोन वाणांत दोनशे मीटर अंतर ठेवणं परसबागेत कुणाला जमणार? त्यापेक्षा एक चांगली फांदी निवडा, तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं तोडून टाका, नुसत्या कळ्या ठेवा आणि वर पातळ मलमलीची पिशवी बांधा. रोज सकाळी फांदी दोन टिचक्या मारून हलवा. चार-पाच फळं धरली की पिशवी काढा आणि त्या फळांच्या देठाला रंगीत दोरा बांधा. दोरा विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात. मी विसरले आहे.

असंच एक पत्र कडू दुधीबद्दल आहे, त्याचं उत्तर इथेच देते. दुधीत नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादीच्या मागे इवलासा दुधी असतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्याचं पिवळं पहाटे. उमलण्याच्या आधी दोन्ही फुलांच्या टोकाला दोरा बांधून ठेवायचा, वेळ झाली की सोडून नर फूल मादीच्या तोंडात फिरवायचं आणि मादीला पुन्हा बांधायचं. काकडीचा भोपळ्याशी संकर होत नाही, ती भीती सोडा. दुधीचा कडू दुधीशी मात्र होतो. बियाण्याच्या फळाचा तुकडा आधी जिभेच्या टोकाला लावून बघा. कडू लागला तर थुंका, गिळू नका, आणि त्या वेलाचं बीही धरू नका. कडू दुधी नुसता बेचव नसतो, विषारी असतो.

प्रश्न: पांढरा मका पेरला होता, शेजाऱ्याचा पिवळा आहे. आमच्या कणसांत मधे मधे पिवळे दाणे दिसताहेत. त्यातले पांढरे दाणे निवडून बी धरलं तर चालेल ना?

उत्तर: आत्ताच वर म्हटलं की बापाचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो, आणि लगेच तुम्ही अपवाद घेऊन आलात. मिरचीत आपण आईचं अंग खातो. मक्याचा दाणा म्हणजे खुद्द लेकरूच, आणि त्यातल्या पिठूळ भागातही बापाचा वाटा असतो. पिवळा रंग पांढऱ्यावर मात करतो, म्हणून तो त्याच कणसात दिसला. नीट बघा, ते दाणे शेजाऱ्याच्या दाण्यांपेक्षा फिकट असतील.

रंगापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पांढरा दाणा म्हणजे पांढऱ्याच बापाचा. पण तो बाप तुमच्याच शेतातला कशावरून? मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. कणसाच्या शेंडीतला एकेक धागा म्हणजे एकेक दाणा, आणि प्रत्येक धागा आपापला बाप शोधतो. बांधाकडच्या ओळी सोडून मधल्या भागातली कणसं घ्या. आणि पाच-दहा कणसांवर थांबू नका, निदान शंभर झाडांची घ्या, प्रत्येकाचे थोडे थोडे दाणे. मक्यात मोजक्या झाडांचं बी धरत गेलं की दोन-तीन पिढ्यांत पीक बुटकं आणि मरतुकडं होतं.

या पिकाचा पराग किती चिवट असतो ते मी माझ्या खर्चाने शिकले आहे. मक्याच्या बियाणे प्लॉटमध्ये मादीच्या ओळींचे तुरे उमलायच्या आत उपटावे लागतात, रोज, सणवार न बघता. एका हंगामात पाऊस बसला, तीन दिवस काळ्या रानात पाय टाकता आला नाही. चौथ्या दिवशी गुडघाभर चिखलातून आत गेले तर मादीच्या ओळींत तुरे डोलताहेत. आम्ही सगळे उपटले, बारकी मागास रोपंसुद्धा सोडली नाहीत. पण शेंड्या तोवर बाहेर आल्या होत्या. तपासणीत प्लॉट नापास झाला आणि बियाण्याचा मका दाण्याच्या भावाने गेला. त्या वहीवर सही माझी होती.

प्रश्न: भेंडी, वाल, कांदा यांचं घरापुरतं बी असतं. राखेत ठेवू की फ्रीजमध्ये?

उत्तर: दोन्ही चालेल, आधी वाळवा. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने घालून दिलेला एक ठोकताळा आहे: बीतला ओलावा एक टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे ओलं बी फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा कोरडं बी कपाटात ठेवणं कधीही शहाणपणाचं.

वाळलं की नाही ते असं बघा: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बी आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा उन्हात टाका. ऊन सकाळचं. भर दुपारी पत्र्यावर टाकलेलं बी भाजतं. मीठ चिकटलं नाही म्हणून लगेच झाकण लावू नका, आणखी दोन दिवस द्या. दाताखाली दाणा दबता कामा नये, कट्‌कन फुटला पाहिजे.

हा 'कट्‌कन' मी एकदा गृहीत धरला होता. ज्वारीचं निवडक बी हाताला कोरडं लागलं म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं. चार महिन्यांनी डबा उघडला आणि आंबूस वासानेच कळलं. तेव्हा माझ्या हाताखाली अकरा माणसं होती आणि मी त्यांना साठवण शिकवत होते.

राख चाळलेली आणि पूर्ण थंड हवी. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तासभर तशीच ठेवा, लगेच उघडली तर बीवर दव धरतं. वाल, भेंडी दोन-तीन वर्षं तग धरतात. काकडी-भोपळा त्याहून जास्त. कांद्याचं बी वर्षभराचं पाहुणं, पुढच्या हंगामाला लावूनच टाका. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, पेन्सिलने लिहिलेली, वाण आणि वर्ष. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते आणि मग सगळं बी 'बहुतेक गवार' होतं.

प्रश्न: वडील म्हणतात बी घरचंच हवं, मी म्हणतो पाकिटाशिवाय उत्पन्न नाही. रोज वाद. तुम्ही निकाल द्या.

उत्तर: तुमच्या घरात कोणतं पीक आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि निकाल मागताय!

गहू, हरभरा, सोयाबीन, भुईमूग, मूग, उडीद असेल तर वडील जिंकले. मका, बाजरी, कोबी असेल तर तुम्ही. मका-बाजरीत संकराचा जोम इतका आहे की तो सोडून द्या असं मी पोटापाण्याची शेती करणाऱ्याला सांगणार नाही. भातात दोन्ही चालतं. तुरीचं घरचं बी चालतं, पण मधमाशी दर वर्षी थोडी सरमिसळ करून जाते, म्हणून काही वर्षांनी बदलावं लागतं.

तुमचा हंगाम पाकिटावर काढा, पण वडिलांच्या जुन्या वाणाला एक पट्टा राहू द्या. मी हे त्यांचं मन राखायला सांगत नाही. १९७० साली अमेरिकेत जवळजवळ ८५ टक्के मक्याला एकाच मूळ आईची नरवांझ पेशी होती. तुरे उपटायचा खर्च वाचतो म्हणून सगळ्या कंपन्यांनी तीच वापरलेली. नेमक्या त्या पेशीला लागणारा करपा आला आणि एका उन्हाळ्यात देशाचं १५ टक्के पीक गेलं. माझ्यासारख्या तुरे उपटणाऱ्यांना पुढच्या वर्षी पुन्हा काम मिळालं असणार. दुसरी गोष्ट भाताची. खुरटा रोगाला तोंड देईल असा भात फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने साठवणीतल्या हजारो नमुन्यांत शोधला. तो सापडला एका रानटी भातात, ओरायझा निवारामध्ये, भारतातून गोळा केलेल्या एकाच नमुन्यात. खायला निरुपयोगी, दाणे गळून पडणारा. कुणीतरी तो मूठभर उचलून ठेवला होता.

पट्ट्यातलं बी निवडताना वडिलांना पुढे घाला. पीक उभं असताना, काढणीच्या आधी. खळ्यावर दाणा बघून निवड होत नाही; टपोरा दाणा कधी कधी बांधाकडच्या झाडाचा असतो, ज्याला जागा आणि खत जास्त मिळालं. त्याचं श्रेय मातीचं, बीचं नाही.

प्रश्न: नोंदणी केलेल्या वाणाचं बी घरी धरलं, शेजाऱ्याला दिलं, तर गुन्हा होतो का?

उत्तर: कायदा देशागणिक वेगळा आहे. आपल्याकडे २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९व्या कलमात शेतकऱ्याला बी धरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क लिहून दिलेला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून, पाकीटबंद करून विकता मात्र येत नाही. संकरिताचं बी आपल्या ताब्यात राखायला कंपनीला कायद्याची गरजही पडत नाही. नर आणि मादी तिच्या कुलपात असतात, ते पुरतं.

प्रश्न: पेरून उरलेलं गुलाबी रंगाचं बी धुऊन कोंबड्यांना घातलं तर चालेल का?

उत्तर: नाही. तो रंग धोक्याची खूण म्हणून घातलेला असतो, बीवर औषध आहे. धुऊनही नाही.